भट्टीवाली मावशी

— नाही नाही, या ना ताई, आत या, दात बघून थांबू नका. पहिल्यांदा येणारे सगळेच त्या कपाटापाशी थबकतात. कवळ्या करतो मी. दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवतात, मी इथे बसून साचा ओततो, मेण लावतो, दात बसवतो, घासतो, पुसतो आणि परत पाठवतो. ज्याच्या तोंडात जाणार त्याचं तोंड मी कधी बघत नाही. तीस वर्षं झाली, हजारो माणसं माझ्या दातांनी जेवत असतील, हसत असतील, आणि त्यांतला एकही मला रस्त्यात ओळखणार नाही. बरं असतं ते. मला बोलायला फारसं जमत नाही — हसताय? आता बोलतोय खरा. अनोळखी माणूस असला की जमतं. घरच्यांशी नाही जमत. इकडून या, जपून, तिथे पोतं आहे प्लास्टरचं. जाहिरातीत लिहिलंय तो कॉम्प्युटर हाच. स्क्रीन मोठा आहे, खुर्चीही त्याच्याबरोबर देऊन टाकतो, मला काय करायचीय. मुलीचा आहे. ती आता इथे नसते. तुम्हाला कशाला हवाय म्हणालात? घरांचे नकाशे काढायला? छान. चांगल्या कामाला लागेल. सहा-सात महिने कोणी हात लावलेला नाही त्याला, अगदी नव्यासारखा आहे.

गरम? — कुठे हात लावलात? डबा गरम लागतोय? असेल हो, ऊन येतं ना खिडकीतून. दुपारभर इथेच पडलेलं असतं. बसा तुम्ही, पाणी आणतो. नको? बरं, बसा तरी. ती खिडकी वाजतेय तिकडे लक्ष देऊ नका, तिची कडी नीट बसत नाही, जरा वारा सुटला की खडखडते. कागदाची घडी घालून ठेवली की गप्प होते. ठमी ठेवायची घडी. ठमी म्हणजे मुलगी — खरं नाव वेगळं, पण लहानपणी ठमाबाईसारखी कमरेवर हात ठेवून उभी राहायची, तेव्हा तिच्या आईने ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच.

का विकतोय? — विचारणारच तुम्ही, विचारायलाच हवं, वस्तू घेताना माणूस विचारतोच. मशीनमध्ये खोट काही नाही. खोट होती ती — जाऊ दे, सांगतो, लपवण्यासारखं काय आहे त्यात. खेळायची ती. गेम. म्हणजे तुम्ही-आम्ही पत्ते खेळतो तसं नाही, चौदा-चौदा तास. आई गेली तेव्हा अठराची होती, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. दोन महिने रडली नाही, बोलली नाही, आणि मग ह्या खुर्चीत बसली ती उठलीच नाही. कॉलेज सुटलं, मैत्रिणी सुटल्या, केस विंचरणं सुटलं. मी दारात ताट ठेवायचो, संध्याकाळी तेच ताट उचलायचो. आणि मी काय केलं? काही नाही केलं. मागच्या खोलीत जाऊन दात घासत बसलो. बायको गेली तेव्हाही मी — त्या दिवशी मी रस्त्यात अडकलो होतो, गर्दी होती फार, हॉस्पिटलला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. असो.

मग दीड वर्षाने मला वाटलं, बघू तरी ही पोरगी दिवसभर जाते कुठे. मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता, डॉक्टरांच्या ऑर्डरी बघायला. त्यावर तो गेम घेतला. एक बेट असतं ताई, समुद्र, होड्या, वादळं, आणि बेटावरच्या लोकांनी मिळून ते राखायचं. ती तिथे होडी चालवायची. नाव काय घेतलेलं, तुफान! घरात मांजराच्या पावलाने चालणारी मुलगी, आणि तिथे नाव तुफान. लोकांना हुकूम सोडायची, बुडणाऱ्याला ओढून काढायची, विनोद करायची — मी बघतच राहिलो. म्हटलं ही माझी मुलगी? हिला इतकं बोलता येतं? तिथे जायचं तर मलाही कोणीतरी व्हायला लागणार होतं. बाप म्हणून गेलो असतो तर तिने त्याच क्षणी दार लावलं असतं. मग — आता हसू नका — मी मावशी झालो. भट्टीवाली मावशी. बेटावर पाव भाजायचे, होडीवाल्यांना द्यायचे, पाव खाल्ल्याशिवाय त्यांना वल्ही मारता येत नाहीत. पन्नाशीची बाई, बेकरीत नोकरी, मूलबाळ नाही, असं सांगितलं मी तिला. आवाजाचं विचारलंन तर म्हटलं, माईक बिघडलाय बाई, मी आपली टाइप करते. करते! तीन दिवसांत सवय झाली हो मला करते-जाते-येते लिहायची.

वाईट हेतू नव्हता. तुम्ही अशा बघताय म्हणून सांगतो, नव्हता. नुसतं तिच्याजवळ बसायचं होतं. ह्या भिंतीच्या अलीकडे ती, पलीकडे मी, मध्ये सात पावलांचा बोळ, आणि आम्ही दोघं त्या बेटावर गप्पा मारतोय. काय काय सांगायची! मी विचारायचो, जेवलीस का गं? — आणि मग माझ्या लक्षात आलं की हे मी नाही विचारत, हे तिची आई विचारायची, अगदी ह्याच शब्दांत, गं लावून. ती लिहायची, नाही जेवले. मी लिहायचो, उठ आधी, दोन घास खाऊन ये, भट्टी कुठे पळत नाही. आणि ती उठायची ताई! बोळात पावलं वाजायची, स्वयंपाकघरात ताटाचा आवाज यायचा. दीड वर्ष मी दारात ताटं ठेवली तेव्हा ढुंकून बघितलं नाही, आणि मावशीने सांगितल्यावर जेवायला लागली. कोणाला मोह होणार नाही, सांगा? तुम्हाला झाला नसता? मला झाला.

तिला बरं करायचं होतं, ते नव्हतं असं नाही. महिन्याभरात दातांच्या डॉक्टरांनीच एका मॅडमचं नाव दिलं. मन बघणाऱ्या. गोळ्या नाहीत, सुया नाहीत, नुसतं बोलायचं. मी म्हटलं, मॅडम, दात हलत असेल तर बोलून घट्ट होतो का? त्या म्हणाल्या, घट्ट होत नाही, पण कधीपासून हलतोय ते कळतं. हुशार बाई. मला वाटलेलं त्या सांगतील मशीन काढून घ्या, वायर तोडा. अजिबात नाही. म्हणाल्या, काढून घेऊ नका, ती तिथे का जाते ते आधी बघू. वही दिली तिला. तीन रकाने. खेळायला कधी बसलीस, त्याच्या अगदी आधी काय झालं होतं, आणि उठल्यावर कसं वाटलं. बस्, एवढंच. पहिले दोन महिने ठमी तिथे जाऊन नुसती छताकडे बघायची म्हणे. मग लिहायला लागली. चौदाचे दहा झाले, दहाचे सहा. एक दिवस केस धुऊन बाहेर आली, मी साचा ओतत होतो, हातातलं भांडं तसंच राहिलं, प्लास्टर घट्ट झालं भांड्यात.

घरासाठीही काम दिलेलं मॅडमनी. रोज पंधरा मिनिटं बापलेकीने टेबलाशी बसायचं. फोन नाही, काम नाही, समोरासमोर. वाळूचं घड्याळ दिलेलं त्यांनी, ते बघा, तिथे कपाटावर आहे. पंधरा मिनिटं म्हणजे किती मोठी असतात, तुम्हाला नाही कळायचं. मी विचारायचो, चहात साखर बरोबर आहे ना? ती म्हणायची, हं. मग मी वाळूकडे बघायचो. ती माझ्याकडे बघायची, मला कळायचं ती बघतेय, वाट बघतेय, मी काहीतरी बोलावं म्हणून. आणि मी परत साखरेचंच विचारायचो. वाळू संपली की सुटलो एकदाचा, असं म्हणून मी मागच्या खोलीत जायचो आणि — आणि मावशी होऊन तिच्याशी तास तास बोलायचो. हो. तेव्हाही. उपचार चालू असताना. कळतंय मला कसं दिसतं ते.

एकदा मॅडमनी दोघांना एकत्र बसवलं. ठमीला विचारून तिची वही मोठ्याने वाचली. कधी बसलीस — सहा वाजता. आधी काय झालं — बाबा मागच्या खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी. साडेसहा. आधी काय झालं — बाबा मागच्या खोलीत गेला. पान उलटलं. बाबा मागच्या खोलीत गेला. बाबा मागच्या खोलीत गेला. अख्खी वही हो ताई! मॅडम हळू आवाजात वाचत होत्या, आणि मी मागच्या खोलीत कशाला जात होतो? तिलाच भेटायला! ती मी गेलो म्हणून तिकडे जायची, आणि ती तिकडे येणार म्हणून मी जायचो. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या खोलीत, तिथल्या तिथे. मॅडमनी विचारलंसुद्धा. म्हणाल्या, तिचं खेळणं सुटत चाललंय, पण तिथे एक मावशी आहेत, त्यांना सोडून येववत नाही तिला, तुम्हाला ठाऊक आहे का काही? मी म्हटलं, नाही बुवा. कोण मावशी?

खिडकी जरा जास्तच वाजतेय का? असू दे.

सोडून कशी येणार होती ती, मी सोडेन तेव्हा ना! ती चार दिवस आली नाही की मावशी लिहायची, कुठे आहेस गं, करमत नाही. मी लिहायचो. बाप म्हणून सकाळी तिला शाबासकी द्यायचो — चार दिवस नाही बसलीस, छान हं — आणि दुपारी मावशी होऊन हाका मारायचो. मॅडम चढवत होत्या तिला एकेक पायरी आणि मी खालून पदर धरून ओढत होतो. का, विचारा. विचारा ना. कारण ती तिथे मला सांगत होती. आईचं सांगत होती. तिने लिहिलं एकदा, मावशी, आई गेली तेव्हा मी खोलीत नव्हते. खाली पायऱ्यांवर फोनवर खेळत बसले होते, पाच मिनिटं म्हणून गेले आणि चाळीस मिनिटं लागली. वर आले तर चादर ओढलेली. बाबाला माहीत नाही. त्याला कळलं तर तो माझं तोंड बघणार नाही. असं लिहिलं तिने. आणि भिंतीच्या पलीकडे मी बसलेलो, हाताला गुलाबी मेण लागलेलं, आणि मी लिहिलं, तुझी काही चूक नाही गं बाळा. मावशीने लिहिलं. बापाने सांगायला हवं होतं ना ते? तिच्या डोळ्यांत बघून? शिवाय बापाला आणखीही एक सांगायचं होतं, की मी काही गर्दीत अडकलो नव्हतो — हो, मघाशी तुम्हालाही तसंच सांगितलं, सवयच झालीय. हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी इथे होतो. खालची कवळी घासत होतो. म्हटलं एवढी पूर्ण करतो आणि निघतो. काम अर्धवट टाकायची मला सवय नाही, असं मी लोकांना अभिमानाने सांगतो. खरं म्हणजे भीती वाटली होती. जायची. ती पोरगी चाळीस मिनिटांचं ओझं घेऊन तीन वर्षं त्या बेटावर होडी चालवत होती, आणि मी दोन तास उशिरा पोचलो होतो. दोन तास. एक वाक्य बोललो असतो तर तिचं अर्धं दुखणं तिथेच उतरलं असतं. पण बोललो असतो तर तिने विचारलं असतं ना, तुला कसं कळलं, मी तर हे एकट्या मावशीला सांगितलंय.

शेवटी मॅडमनी तिला तयार केलं. मावशींचा नीट निरोप घे म्हणाल्या, चोरून पळू नकोस, आईचा घ्यायचा राहिला तसा हा राहू देऊ नकोस. रविवारची सकाळ होती. अशीच खिडकी वाजत होती. तिने लिहिलं, मावशी, आज शेवटचं. तुझ्यामुळे मी जेवायला लागले. मी आता माझ्या बाबाशी बोलायला शिकणार आहे. असं लिहिलं हो तिने! माझ्या बाबाशी. आणि मी — मला नुसतं लिहायचं होतं, सुखी राहा. दोन शब्द. पण वाटलं हिला थोडं तरी थांबवावं, आणखी एक काहीतरी बोलावं, आणि बोटांनी आपोआप लिहिलं, बरं बाळा, वारा सुटलाय, खिडकीला कागदाची घडी लाव, कडी बसत नाही ती.

लक्षात आलं ना तुमच्या? तुमच्या लगेच आलं. तिच्याही आलं. खिडकीचं तिने मावशीला कधीच सांगितलं नव्हतं.  मग बोळातून पावलं आली. सात पावलं. मी मोजली. मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली, तुम्ही आता उभ्या आहात ना — कधी उठलात तुम्ही? — अगदी अश्शीच.  पडद्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. मग एवढंच म्हणाली, मला वाटलं होतं मला कोणीतरी आहे. आणि वळून गेली.

त्यानंतर तिने तो गेम पुन्हा कधी उघडला नाही. बरी झाली. पूर्ण बरी झाली, मॅडम म्हणतात. इथून दोन तासांवर एका रोपवाटिकेत काम करते, तिथेच खोली घेतलीय, मॅडमकडे येते अजून. माझ्याकडे येत नाही. सात महिने झाले.

हो. गरम आहे तो. उन्हाने नाही, तुम्हाला कळलंच असेल, ऊन तर त्या भिंतीवर आहे. तुम्ही घंटी वाजवलीत तेव्हा बंद केला मी. माझा जुना मंदावला, म्हणून तिच्या खुर्चीत बसतो आता. रोज बसतो. काही करत नाही. पाव भाजतो. तिची होडी किनाऱ्याला जिथे बांधून गेली तिथेच आहे अजून. तिच्या नावापुढे एक ठिपका असतो, ती आली की हिरवा होतो. कधी होत नाही. मला ठाऊक आहे होणार नाही, मी काय वेडा आहे? पण समजा, एखादवेळी आलीच ती सहज बघायला, आणि भट्टी विझलेली दिसली तर?

मॅडम आता मलाच बोलावतात. वही मला दिलीय, तीच, तीन रकान्यांची. जाहिरात द्यायचं तिथेच ठरलं. उद्या शुक्रवार ना — उद्या ठमी येणार आहे मॅडमच्या खोलीत. पंधरा मिनिटं. माझ्यासमोर बसायला कबूल झालीय. तिची एकच अट आहे, मावशी गेली पाहिजे. आणि बाबाच्या शब्दावर नाही, ज्याने मशीन नेलं त्याच्या हातची चिठ्ठी पाहिजे. तुमच्या आधी दोघं येऊन गेले. एकाला सांगितलं पंखा आवाज करतो, दुसऱ्याला म्हटलं विकला गेला. आज तुम्हाला देणारच होतो, मनाशी पक्कं केलेलं, वायरीसुद्धा गुंडाळायला घेतलेल्या सकाळी. पण ताई, उद्या तिथे बसून मी बोलणार काय? तिथे टाइप करता येत नाही. वाळू पडणार आणि ती बघणार. आणि नाही बोलता आलं तर परत येऊन मी जाणार कुठे? तिथे निदान ती माझ्याशी बोलली होती. तेवढी एकच जागा आहे, जिथे ती माझ्याशी बोलली.

असं करता का — माझं ऐका — तुम्ही चिठ्ठी लिहून द्या. नेला म्हणून. तारीख घाला, सही करा. नेऊ नका. तुम्हाला दुसरा मिळेल कुठेही, ह्याहून चांगला मिळेल. तुमचं काय जातं त्यात? दोन ओळी. हा घ्या कागद, पेन इथेच होतं कुठेतरी —

नाही?

बरोबर आहे. बरोबर आहे तुमचं. ठेवा तो कागद तिथेच. उगाच वेळ घेतला तुमचा, या तुम्ही. पोत्याला पाय लागेल, जपून. आणि जाता जाता खिडकीला हात लावू नका, वाजू दे ती. ती वाजायला लागली की मला वाटतं आता बोळातून पावलं येतील. या. दार लोटून घ्या.